जोडताना सुटणारी ऊब

गेल्या जानेवारीत निफाडजवळ मामेभावाकडे मुक्कामाला होते. पहाटे तीनच्या सुमारास मोटार सुरू झाल्याचा आवाज आला आणि जाग आली. बाहेर येऊन बघते तर भाऊ कानटोपी आणि स्वेटरवर घोंगडी पांघरून बागेच्या कडेला उभा, आणि बागेत पाणी सोडलेलं. ओळींच्या टोकांशी शेकोट्या धुमसत होत्या. धूर वर जायला तयार नव्हता, द्राक्षाच्या मांडवाखालीच रेंगाळत होता. ओल्या मातीचा, जळक्या काटक्यांचा आणि कसल्याशा फवारणीचा मिळून एक वास नाकात बसला होता, तो दुसऱ्या दिवशी शालीलाही येत होता. "ताई, तू कशाला उठलीस, गारठशील ना," भाऊ म्हणाला. पारा पाचाच्या खाली गेला होता आणि मण्यांत पाणी उतरायची वेळ. अशा थंडीत मणी तडकले की वर्षभराच्या कष्टांचं काय होतं, हे नाशिक जिल्ह्यात कुणाला सांगावं लागत नाही. माझ्या मागोमाग भाचीही उठून आली होती. नववीत आहे. तिने विचारलं, "आत्या, एवढ्या थंडीत पाणी सोडून बाग गरम कशी होते?" तिच्या बापाने तिला पाटाशी नेलं आणि पाण्यात हात घालायला लावला. विहिरीचं पाणी कोमट होतं. "आणि हे गोठलं तर?" तिचा पुढचा प्रश्न. मी म्हटलं, गोठायला लागलं तर आणखी ऊब देईल. ती थबकली. "गोठताना? पण ऊर्जा तर बंध तुटल्यावर बाहेर पडते ना? आम्ही तसंच लिहितो."

तिथे, त्या धुरात, मी तिला काही समजावत बसले नाही. पण ते वाक्य माझ्याबरोबर नाशिकला आलं आणि कित्येक आठवडे हललं नाही.

हे वाक्य मला नवं नाही, म्हणूनच ते टोचलं. अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवण्यात माझं आयुष्य गेलं आणि दर वर्षी नव्या तुकडीतली निम्मी मुलं हेच वाक्य घेऊन वर्गात येतात. हुशार मुलंही. 'अन्नातले बंध तुटतात आणि आपल्याला ऊर्जा मिळते.' 'एटीपीतला फॉस्फेटचा बंध तुटतो आणि पेशीला ऊर्जा मिळते.' (एटीपी म्हणजे पेशीत ऊर्जा पोचवणारा रेणू.) खरं तर बंध, म्हणजे अणू-रेणूंना एकमेकांशी धरून ठेवणारी पकड, तोडायला नेहमी ऊर्जा घालावी लागते. एकही अपवाद नाही. ऊर्जा सुटते ती बंध तयार होताना. स्वयंपाकघरात आता पाइपने येणारा गॅस घ्या, तो मुख्यतः मिथेन असतो. त्याच्या एका रेणूत कार्बन-हायड्रोजनचे चार बंध. तो जळायला ऑक्सिजनचे दोन रेणू लागतात. हे सगळे बंध तोडायचे तर मोलमागे (मोल म्हणजे रेणूंची एक ठरावीक, प्रचंड मोठी संख्या) साधारण २,६५० किलोज्यूल आधी मोजावे लागतात. मग त्याच अणूंमधून कार्बन डायऑक्साइडचा एक आणि पाण्याचे दोन रेणू बनतात. त्यांचे बंध जुळताना सुमारे ३,४५० किलोज्यूल परत मिळतात. वरचे आठशे किलोज्यूल म्हणजे आपला चहा. एटीपीचंही तसंच. पाण्याशी प्रक्रिया होते, एक कमजोर बंध मोडतो, नवे बंध जुळतात, सुटे झालेले तुकडे पाण्यात अधिक स्थिर होतात आणि या साऱ्या हिशेबात शेवटी ऊर्जा उरते. मोडण्याचा खर्च जुळण्याच्या मिळकतीतून भागतो. मुलांना हे गणित येतं, तीन गुणांचं असतं, बरोबर सोडवतात. आणि पुढच्याच प्रश्नात पुन्हा लिहितात की बंध तुटला आणि ऊर्जा मिळाली.

का लिहितात, याचा मी बराच विचार केला. तुटणं दिसतं, ऐकू येतं. फटाका फुटतो, लाकूड कडाडून मोडतं, धरणाचा दरवाजा उघडला की पाणी उसळतं. काहीतरी कोंडलेलं होतं आणि ते सुटलं, अशी आपली कल्पना होते. शिवाय भाषणांतून सारखं ऐकतो आपण, बंधनं तोडा, तुमच्यातली ऊर्जा मुक्त होईल. माणसांच्या बाबतीत ते खरं असेलही, त्यावर मी काही म्हणत नाही. पण अणू-रेणूंना त्यासाठी साक्षीला बोलावू नये. त्यांची साक्ष नेमकी उलटी आहे. इतकी वर्षं शिकवल्यावर माझा जीव कुठे अडकला असेल तर तो इथे. एखाद्या सूत्रातली चूक मी सहज सोडून देईन, ही नाही सोडवत. कारण एकदा हे उलटं बसलं की सगळं जगच उलटं दिसायला लागतं. आग, शरीर, पाऊस, काहीच कळेनासं होतं.

वाफेचा चटका आठवा.

आमच्या जुन्या वाड्यात गणपतीला उकडीचे मोदक व्हायचे तेव्हा मोदकपात्राचं झाकण उघडायची मुभा फक्त आईला होती. उकळत्या पाण्याचा थेंब उडाला तर हात चुरचुरतो. वाफ लागली तर फोड येतो. दोन्ही शंभर अंशांवरच. एक ग्रॅम उकळतं पाणी कातडीवर निवताना साधारण २६० ज्यूल उष्णता देतं. एक ग्रॅम वाफ आधी पाणी होते, आणि नुसतं पाणी होतानाच २,२६० ज्यूल सोडते, मग वरचे २६० आहेतच. ही जादाची उष्णता येते कुठून? वाफेत सुटे सुटे फिरणारे पाण्याचे रेणू बोटावर येऊन एकमेकांना बिलगतात, त्या बिलगण्यातून. फोड येतो तो जुळण्यामुळे. आणि याची दुसरी बाजू उन्हाळ्यात माठात. माठाच्या अंगावर पाझरलेल्या पाण्यातले रेणू हवेत उडून जायचे तर त्यांना शेजाऱ्यांपासून सुटावं लागतं, त्यासाठी लागणारी उष्णता ते मागे राहिलेल्या पाण्यातून उचलतात, आणि पाणी गार होतं. आमचा माठ मागच्या पडवीत तिवईवर असायचा, वाळ्याची जुडी टाकलेला. एप्रिलच्या दुपारी आजी त्याला ओलं फडकं गुंडाळायची आणि वारा लागेल असा सरकवून ठेवायची. तोडायला उष्णता लागते, हे त्या तिवईवर रोज सिद्ध होत होतं. मोदकपात्र आणि माठ, दोन्ही एकाच घरात होते. त्यांच्यामधलं नातं मला कळलं ते मात्र पुढे पुष्कळ वर्षांनी, पदवीच्या वर्गात. तेव्हा झालेला आनंद अजून जिवंत आहे. शिकवायचं ठरवलं त्यामागे तोच होता.

इथे मुलांचा गोंधळ होतो म्हणून थोडं थांबते. पाणी उकळलं म्हणजे पाण्याचा रेणू मोडला, असं नाही. हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांना रेणूच्या आत धरून ठेवणारा सहसंयुज बंध दणकट आहे, मोलमागे साधारण ४६० किलोज्यूलचा. चुलीच्या आचेने तो ढळत नाही. चुलीवर सुटतात ते एका रेणूचे दुसऱ्या रेणूशी असलेले हायड्रोजन बंध. त्यांची ताकद जेमतेम विसाव्या हिश्शाची. आणि एवढ्याशा बंधांवर केवढा संसार उभा आहे! हायड्रोजन सल्फाइडचा रेणू पाण्याच्या जवळजवळ दुप्पट जड, तरी तो उणे साठ अंशांनाच उकळून वायू होतो, कारण त्याच्यात हे बंध नावापुरतेच. ते नसते तर पाणीही गोठणबिंदूच्या खूप खालीच उकळून गेलं असतं, गोदावरी नसती, ढगसुद्धा नसते. द्रव पाण्यात हा बंध टिकतो सेकंदाच्या एक लक्ष कोटीव्या भागाइतका. तुटतो, पुन्हा जुळतो, बहुधा दुसऱ्याच कुणाशी. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून निघाली की मुक्कामावर बायकांच्या फुगड्या रंगतात. एकीचे हात सुटतात, दुसरीचे धरले जातात, जोड्या बदलत राहतात आणि खेळ काही मोडत नाही. पाण्याचं वाहणं मला तसं दिसतं. हे बंध थोडे जास्त घट्ट असते तर सगळं गोठून बसलं असतं, थोडे सैल असते तर उडून गेलं असतं.

आणि याहूनही दुबळी बलं आहेत. त्यांची ओळख मला पालीने करून दिली.

वाड्यातल्या माजघरात तुळईजवळ एक पाल असायची. तीच एक होती की निरनिराळ्या, देव जाणे, पण आम्ही तिला ओळखत असल्याच्या थाटात बोलायचो. पावसाळ्यात दिव्याभोवती किडे जमले की ती आढ्यावरून उलटी चालत यायची आणि मी अंथरुणात पडल्या पडल्या ती आता पडेल, मग पडेल, अशी वाट बघत राहायचे. ती कधीच पडली नाही. तिच्या पायाला चिकट असतं, असं आजी सांगायची. चिकट काहीच नसतं. पालीच्या बोटांवर अतिसूक्ष्म केस असतात, प्रत्येक केसाचं टोक पुन्हा शेकडो फाट्यांत फुटलेलं. हे फाटे भिंतीच्या इतके जवळ जातात की दोन्हीकडचे रेणू एकमेकांना ओढू लागतात. केलर ऑटम या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवून दिलं की पाण्याला जवळ करणारा पृष्ठभाग असो की पाणी झटकणारा, पाल दोन्हींना सारखीच चिकटते. म्हणजे ओलावा नाही, डिंक नाही, आहे ते व्हॅन डर वाल्स बल. एकेका फाट्याची ओढ नगण्य, पण फाटे कोट्यवधी, म्हणून अख्खा जीव आढ्याला पेलला जातो. कोरड्या टेफ्लॉनवर मात्र तिचा पाय घसरतो. पाऊल उचलताना ती बोटांची टोकं आधी वर वळवते, कोन बदलला की पकड आपोआप सुटते. सेकंदात कितीदा तरी धरायचं आणि कितीदा तरी सोडायचं, हे दोन्ही तिला त्याच पायांनी जमतं. हे वाचलं तेव्हा वाडा पडून तिथे इमारत उभी राहिलेली होती. त्या आढ्याकडे एकदा पुन्हा बघावं असं फार वाटलं.

ज्याच्या नावाने हे बल ओळखलं जातं त्या योहानस व्हॅन डर वाल्सबद्दल वर्गात मी जरा जास्तच बोलते. नेदरलँड्समधल्या लायडनच्या सुताराचा हा मुलगा, जन्म १८३७ चा. घरची परिस्थिती अशी नव्हती की विद्यापीठात जावं. शाळामास्तर झाला, नोकरी करता करता शिकत राहिला. लॅटिन आणि ग्रीक येत नसल्याने विद्यापीठाच्या परीक्षांची दारं बंद होती, पुढे नियम शिथिल झाला तेव्हा ती उघडली. १८७३ मध्ये, पस्तिशीत, त्याने प्रबंध सादर केला. वायूचे रेणू म्हणजे नुसते बिंदू नव्हेत, त्यांना आकारमान आहे आणि ते एकमेकांना ओढतात, एवढ्या दोन गोष्टी धरून त्याने वायू आणि द्रव एकाच समीकरणात बसवले. अणू-रेणू खरोखर असतात का यावर मोठमोठे लोक वाद घालत होते, त्या काळातली ही गोष्ट. १९१० चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्याला मिळालं. आणखी एक गोष्ट मुलांना सांगताना माझा आवाज जरा खाली येतो. १८८१ मध्ये त्याची बायको तरुणपणीच गेली, आणि त्यानंतर जवळजवळ दहा वर्षं या माणसाने काही प्रसिद्ध केलं नाही. दुसरं लग्नही त्याने केलं नाही. परीक्षेला हे येत नाही. पण पंप आणि पिस्टनच्या आकृत्यांखाली नाव असलेला तो कुणीतरी माणूस होता, हे मुलांना कळावं असं वाटतं.

त्याने ओढ आहे हे ओळखलं, ती का आहे हे त्याला माहीत असणं शक्य नव्हतं. त्यासाठी क्वांटम सिद्धान्त यावा लागला. १९३० मध्ये फ्रिट्झ लंडन या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने उलगडा केला. कुठल्याही अणूभोवतीचे इलेक्ट्रॉन क्षणभर एका बाजूला झुकतात, त्यामुळे शेजारच्या अणूतले इलेक्ट्रॉनही झुकतात, आणि त्या क्षणापुरते दोघे एकमेकांना ओढतात. हेलियम घ्या, कुणाशीच बंध न करणारा. पण उणे २६९ अंशांपर्यंत थंड केला की त्याचेही अणू एकमेकांजवळ येऊन द्रव बनतो. लायडनमध्येच, १९०८ साली, कामरलिंग ओनेस या डच भौतिकशास्त्रज्ञाने तो बनवून दाखवला, आणि त्या कामात वाट दाखवायला व्हॅन डर वाल्सचे सिद्धान्त होते. पूर्ण अलिप्त असं या जगात काही नाही.

भावाच्या बागेत हेच सगळं वेगळ्या नावांनी चालतं. द्राक्षाच्या मण्यावर जी फिकट धुरकट लव दिसते ते मेण असतं. मोठमोठे कार्बनी रेणू, मुख्यतः लंडनच्या त्याच क्षणिक ओढीने एकमेकांना लगटलेले. पाण्याच्या रेणूंना आपसातले हायड्रोजन बंध सोडून तिथे जाण्यात काही लाभ नसतो, म्हणून थेंब मण्यावर पसरत नाही, गोल होऊन घरंगळतो. भाऊ फवारणीच्या टाकीत औषधाबरोबर स्टिकर टाकतो. "त्याच्याबिगर औषध घडावर थांबतच नाही." स्टिकरच्या रेणूचं एक टोक पाण्याशी जमवून घेतं, दुसरं मेणाशी. बेदाण्याला तर याच्या पुढची पायरी. घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून काढतात, मेणाचा थर विस्कटतो, आतल्या पाण्याला बाहेर पडायची वाट मिळते आणि एरवी लागतात त्याहून खूपच कमी दिवसांत बेदाणा तयार होतो. भावाने बारावीनंतर शिक्षण सोडलं. पण पृष्ठताण म्हणजे काय हे त्याच्या बोटांना जेवढं कळतं तेवढं माझ्या वर्गातल्या पहिल्या बाकाला कळलं तर मी समाधानाने निवृत्त होईन.

रामकुंडावर बाबांच्या अस्थी घेऊन आम्ही गेलो तेव्हा गुरुजींनी सांगितलं, इथे अस्थी विरून जातात. तिथे सगळ्यांना ते सांगतात. सकाळची वेळ होती, पायऱ्या ओल्या, झेंडूच्या पाकळ्या आणि तूप-कापराचा वास, शेजारी कुठलं तरी गुजरातहून आलेलं कुटुंब. मला माहीत होतं की राखेतले सोडियम-पोटॅशियमचे क्षार पाण्यात जातील. पाण्याचे रेणू त्यांच्या आयनांना, म्हणजे विद्युतभारित कणांना, चहूबाजूंनी घेरतील आणि क्षणात ओढून नेतील. आणि हेही माहीत होतं की हाडांमधलं कॅल्शियम फॉस्फेट असं सहजी सुटत नाही, त्यातली विजातीय प्रभारांची ओढ पाण्याच्या ओढीला पुरून उरते. भाऊ, काका, सगळे हात जोडून उभे होते. मी ओंजळ पाण्यात धरली. राख गेली, पांढरे तुकडे तळाशी गेले. मला गुरुजींशी वाद घालावासा वाटला नाही आणि मान डोलवावीशीही वाटली नाही. ज्या बंधांनी बाबांचं शरीर उभं ठेवलं ते मजबूत बंध तळाशी होते. पण बाबा बाबा होते ते दुबळ्या बंधांमुळे. प्रत्येक पेशीतल्या डीएनएच्या दोन साखळ्या हायड्रोजन बंधांनीच जोडलेल्या असतात, एका जोडीत दोन, दुसरीत तीन. दुबळे, म्हणून तर उलगडता येतात, वाचता येतात, त्यांची प्रत काढता येते. माझ्यातली अर्धी प्रत तशीच आली. प्रथिनांच्या घड्या, त्या घड्यांमुळे होणारं रक्ताचं काम, विचार करताना मेंदूत चाललेली देवघेव, सगळं या तुटणाऱ्या-जुळणाऱ्या बंधांचं. ते बाबांबरोबर संपलं होतं. हे मी तेव्हा कुणाला बोलले नाही. आज लिहिते आहे, कारण मला त्यातून खरोखर धीर मिळाला होता.

भाचीला फोनवर शेवटी मी बरंच सांगितलं. विहिरीचं पाणी जमिनीच्या पोटातली ऊब घेऊन येतं आणि निवायला फार उष्णता सोडावी लागते म्हणून हळूहळू निवतं, तेही हायड्रोजन बंधांच्या जाळ्यामुळेच. दव पडायला लागलं की पारा उतरण्याचा वेग मंदावतो, कारण वाफेचे रेणू जुळताना हवेला उष्णता देतात. आणि गोठणारं पाणी ग्रॅममागे ३३४ ज्यूल सोडतं, शाळेच्या पुस्तकात अप्रकट उष्मा म्हणतात तो हाच. युरोपातल्या काही द्राक्षबागांमध्ये वसंतातल्या गोठवणाऱ्या रात्री कोवळ्या फुटींवर मुद्दाम पाणी फवारतात. फुटींवर बर्फाचं कवच चढत जातं आणि जोवर नवं पाणी त्यावर गोठत राहतं तोवर आतला कोंब शून्याच्या आसपास राहतो, त्याखाली जात नाही. हे ऐकून ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे बर्फच वाचवतो?" मी म्हटलं, बर्फ नाही, बर्फ होणं वाचवतं. पाणी थांबलं की संपलं. तिला ते पटलं की नुसतं आवडलं, सांगता येत नाही. पप्पांना सांगते, म्हणाली आणि फोन ठेवला.

येत्या वर्षी अकरावीला रासायनिक बंध शिकवताना मी क्रम बदलणार आहे. व्याख्या नंतर. आधी दोन तापमाप्या शेजारी शेजारी टांगायच्या, एकीच्या फुग्याला ओलं फडकं, आणि पंखा लावायचा. पारा उतरलेला सगळ्यांनी बघितला की त्याच तासाला उकळत्या पाण्याची वाफ मोजलेल्या गार पाण्यात सोडायची आणि ते किती तापतं ते वहीत लिहायचं. मिथेनचा हिशेब दुसऱ्या दिवशी, फळ्यावर, मुलांकडूनच करून घ्यायचा. त्यानंतर कुणी 'बंध तुटला आणि ऊर्जा मिळाली' असं लिहिलं तर त्याला आपला आदल्या दिवशीचा वहीतला आकडा वाचून दाखवायला सांगता येईल. तापमाप्या मी तपासून ठेवल्या आहेत. प्रयोगशाळेतल्या मावशींनी फडक्यासाठी जुनी मलमल शोधून द्यायचं कबूल केलंय.